आबासाहेबांचा लाल दिवा

आबासाहेबांच्या मोटारीतला लाल दिवा विझल्याशिवाय आपण तिच्यात पाऊल ठेवणार नाही, असं त्यांच्या आईनं, गोजरबाईंनी, ओसरीवर शेंगा फोडता फोडता सांगून टाकलं. सांगताना त्यांनी मान वर केली नाही की शेंग खाली ठेवली नाही. ज्या गोष्टी कायमच्या ठरलेल्या असतात त्या माणूस अशाच सांगतो.

दिवा म्हणजे काही मोठा दिवा नव्हे. वेगाच्या काट्याखाली गुंजेएवढा एक ठिपका. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो, असं गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात छापलं होतं. आबासाहेबांच्या दिव्यानं त्यातलं पहिलं अर्धं वाक्य तेवढं मनावर घेतलं होतं. गाडी विलायतेत जन्मून, बऱ्याच साहेबांच्या हाताखालून जाऊन, उतारवयात सोलापूरला आली होती. तिच्या कंपनीचं नाव इथं सांगत नाही. लेकीचे असे हाल चाललेत हे कुठल्या तोंडानं बापाला कळवायचं?

"आई, हा तसला दिवा नव्हे," आबासाहेब समजावून सांगत. "हा डायनामोचा दिवा. डायनामो वीज तयार करत नाही, एवढंच तो सांगतो."

"सांगतुय न्हवं? मग ऐकावं की."

"पण गाडी चालते ना!"

"लाल दिव्यावर रेल्वेगाडी बी चालती. चालवायची नसती." गोजरबाईंनी दाणे सुपात टाकले. "तुजा बाप जेऊर टेसनावर पॉइंट्समन व्हता. हयातभर त्यानं लाल दिव्यावर गाडी सोडली न्हाय. आन् मी आता म्हातारपनी लाल दिव्यावर बसून मिरवू व्हय? वर गेल्यावर त्यो काय म्हनंल मला?"

आता वर गेल्यावर वडील काय म्हणतील, या मुद्द्यावर इंग्रजी पुस्तकात काही दिलेलं नव्हतं.

एरवी आबासाहेबांनी हा विषय दप्तरी दाखल केला असता. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क असल्यामुळं विषय दप्तरी दाखल करण्यात त्यांचा हातखंडा होता. पण त्यांच्या भाच्याचं, हणमंताचं, लग्न तोंडावर आलं होतं. मुलगी सोलापूरचीच. लग्नाआधी नवरदेव मारुतीला नारळ फोडून वाजतगाजत मांडवात येतो, त्याला परण्या म्हणतात, आणि परण्यासाठी मुलीकडच्यांनी घोडा ठरवला होता. याद्यांच्या बैठकीत मामा या नात्यानं आबासाहेबांनी लोडाला टेकून हात वर केला. "घोडा कशाला? मामाची मोटार आहे. नवरदेव मागं बसेल आणि पुढं खिडकीशी त्याची आजी बसेल." बैठकीतल्या माना अशा डोलल्या की आबासाहेबांना दुसरा चहा गोड लागला. घोडेवाल्याला नको म्हणून निरोप गेला. त्यानं त्याच दिवसाचं दुसरं लग्न धरलं.

आणि एक गोष्ट आबासाहेबांनी कुणाला सांगितली नव्हती. कचेरीत त्यांनी गाडी घेण्याची कारणं इंधनबचतीपासून प्रकृतीपर्यंत बरीच दिली होती, पण ती सगळी खोटी होती. लहानपणी आईच्या कडेवर बसून त्यांनी जेऊरच्या फलाटावरून फस्क्लासच्या खिडक्या जाताना पाहिल्या होत्या. त्या खिडक्यांत बसलेल्या बायका पदर सावरत बाहेर बघायच्या, आणि आई त्यांच्याकडं बघायची. आपली आई एकदा तशी खिडकीशी बसलेली बघावी, एवढ्यासाठी त्यांनी ही म्हातारी मोटार घरात आणली होती. आणि आई म्हणत होती, लाल दिवा.

गाडी गॅरेजात का नेली नाही, असं वाचकांनी विचारू नये. सोनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ते विचारून पाहिलं होतं. त्याचं असं झालं होतं की आबासाहेबांनी कचेरीत सगळ्यांसमोर एक सिद्धांत मांडला होता. वीज ही फायलीसारखी असते. ती एका टेबलावरून निघते आणि फिरत फिरत पुन्हा त्याच टेबलावर येते. काम होत नसेल तर ती कुठल्या तरी टेबलावर अडून बसलेली असते. ते टेबल शोधलं की झालं. असा सिद्धांत मांडलेल्या माणसानं गाडी गॅरेजात नेणं म्हणजे हेडक्लार्कनं स्वतःच्या रजेचा अर्ज शिपायाकडून लिहून घेण्यासारखं. नवी पेठेतून त्यांनी एक पेचकस, एक पक्कड आणि काळ्या चिकटपट्टीचं बंडल आणलं आणि रविवारी सकाळी बाह्या वर केल्या.

पहिलं टेबल बॅटरीचं. तिच्या टोकांवर हिरवट-पांढरं काही साचलं होतं. आबासाहेबांनी घरातली चिंच घेतली आणि तांब्याचे हंडे घासतात तशी बॅटरीची टोकं घासून लख्ख केली. अंगावर डाग पडू नयेत म्हणून त्यांनी कमरेला सासऱ्यांनी दिलेली सोलापुरी चादर गुंडाळली होती. चादरीवर खरंच डाग पडला नाही. दुसऱ्या दिवशी ती धुतली तेव्हा जिथं जिथं बॅटरीचं पाणी उडालं होतं तिथं तिथं चादरच राहिली नव्हती. सोनाबाईंनी ती दोरीवर पसरली आणि तिच्या भोकांतून पलीकडच्या नवऱ्याकडं पाहिलं.

दिवा लागलेलाच होता. उलट बॅटरी साफ झाल्यामुळं आता जास्त ठळक दिसत होता.

त्याच रविवारी संध्याकाळी शेजारचे चन्नवीर मास्तर आले. मास्तर हायस्कूलात विज्ञान शिकवत, त्यामुळं त्यांना कुठलीही गोष्ट उभ्याउभ्या समजत असे. त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, एका टायरवर चापट मारली आणि म्हणाले, "अर्थिंग नाही की ओ!"

"म्हणजे?"

"म्हणजे जमीन! वीज शेवटी जमिनीत जायला पाहिजे. घराला अर्थिंग असतंय. तुमच्या गाडीला काय आहे? रबराची चाकं! जमिनीचा संबंधच तोडलाय की ओ तुम्ही."

हे ऐकून आबासाहेबांना फाईल कुठं अडली ते एकदम दिसलं. दोघांनी मिळून गाडीशेजारी खड्डा खणला, त्यात मीठ आणि कोळसा टाकला, लोखंडी पहार ठोकली आणि तिच्यापासून एक जाड तार गाडीच्या मागच्या बंपरला घट्ट बांधली. सोनाबाईंना खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी घालायला सांगण्यात आलं. गोजरबाई ओसरीवरून बघत होत्या. "तुळस लावा की त्यात," त्या म्हणाल्या. "पानी वाया तरी जानार न्हाय."

दिव्यावर परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो सोमवारी. कचेरीला उशीर झाला म्हणून आबासाहेब घाईनं गाडीत बसले आणि निघाले. क्षणभर गाडी अडखळली, मग पुढं गेली. त्या दिवशी नवी पेठेत लोक त्यांच्याकडं जरा जास्तच आदरानं बघत होते. कापडाच्या दुकानांतले गुमास्ते गज सोडून पायरीवर येत होते. एका सराफानं तर दोन्ही हात वर केले. आबासाहेबांनी त्यालाही नमस्कार केला. मागं खणखणाट चालला होता, पण तो त्यांनी एखाद्या टांग्याचा धरला. शेवटी चौकातल्या पोलिसानं हात आडवा घातला आणि विचारलं, "साहेब, ही पहार कुठं निघालीय?"

पहार परत घरी आणावी लागली. ती गाडीत मावत नव्हती. टोक खिडकीबाहेर ठेवून आबासाहेब त्याच पेठेतून परत आले तेव्हा सराफानं पुन्हा हात वर केले. या खेपेला आबासाहेबांनी नमस्कार केला नाही.

मग मानसिंग आला. समोरच्या चाळीत राहणारा हा मानसिंग फौजेत ड्रायव्हर होता आणि निवृत्त होऊन आला तरी उठणं-बसणं-जेवणं सगळं फौजेतच चाललं होतं. त्यानं बॉनेट उघडलं आणि आत असं पाहिलं, की जणू खंदकात शत्रूच दिसलाय.

"मास्टरजींचं ऐकलंत? ते पुस्तकातलं. आबासाब, लढाईत माझ्या ट्रकला अर्थिंग कोण देत होतं? खराबी कट-आउटमध्ये आहे. ही डबी. हिचे पॉइंट घासायचे आणि वायरी उलटसुलट करून बघायच्या. आपण फौजेत असंच करायचो."

"मग गाडी सुरू व्हायची?"

"कधी व्हायची, कधी नाही. लढाई कुणासाठी थांबते?"

दोघांनी डबी उघडली, पॉलिश पेपरनं पॉइंट घासले, वायरी काढल्या आणि पुन्हा लावल्या. कुठली कुठं होती हे दोघांनाही पाठ होतं. फक्त दोघांचं पाठांतर वेगवेगळं होतं. काम संपलं तेव्हा एक वायर उरली. मानसिंग म्हणाला, ती स्टेपनी. त्यानंतर ब्रेक दाबला की हॉर्न वाजू लागला. डावीकडं वळायची खूण केली की काच पुसायचे पंखे हलू लागले. आणि लाल दिव्याच्या शेजारी आजवर गुपचूप बसलेला तेलाचा हिरवा दिवासुद्धा लागला.

आबासाहेबांना त्यातही आशा वाटली. त्यांनी आईला बोलावलं. "बघ, हिरवा पण लागला!"

गोजरबाई खिडकीतून वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काळजी दिसली. "लाल आन् हिरवा एकदम? आरं, मंजी पॉइंट्समन प्यालेला हाय. तू बी नगो बसू हिच्यात."

इकडं मिरवणुकीच्या परवानगीचं निघालं. चौकीतला हवालदार घोड्याची परवानगी द्यायला तयार होता, बैलगाडीचीही होता. मोटारीला मात्र दिवे-ब्रेक ठीक असल्याचा दाखला हवा म्हणाला. आबासाहेब गाडी घेऊन दाखला देणाऱ्या साहेबांपुढं उभे राहिले. साहेबांनी झाडाखालच्या खुर्चीवरूनच विचारलं, "दिवे लागतात?"

आबासाहेबांना खोटं बोलवेना. "एक लाल दिवा लागतो साहेब. तो विझत नाही."

"लागतात का एवढंच विचारलंय. विझण्याबद्दल आमच्याकडं काही नाही. ब्रेक?"

आबासाहेबांनी ब्रेक दाबला. हॉर्न वाजला.

"हॉर्नपण आहे. पास," साहेब म्हणाले.

म्हणजे सरकारला गाडी मान्य झाली. मास्तरांनी दोष जमिनीवर ढकलला होता, मानसिंगनं कट-आउटच्या डबीवर. राहता राहिली एक पॉइंट्समनची विधवा. लग्नाच्या आदल्या दिवशी आबासाहेबांच्या मनात पाप आलं. त्यांनी गाडीचं दार लावून घेतलं, वेगाच्या काट्यामागं हात घातला आणि तो गुंजेएवढा बल्बच काढून खिशात टाकला. हिरवाही काढला. मग उजळ माथ्यानं आईला हाक मारली. "आई, विझला बघ!"

गोजरबाईंनी आत पाहिलं. मग लेकाकडं पाहिलं. मग लेकाच्या खिशाकडं.

"विझलेला शिग्नल मंजी लालच समजायचा," त्या म्हणाल्या. "ह्ये बी तुज्या बापाचंच. आपसूक फेल झाला तर गाडी काढायची रीत येगळी हाय. पर ह्यो फेल न्हाय. ह्यो तू चोरलाईस. लाव परत."

आबासाहेबांनी दोन्ही बल्ब परत लावले. चाळिशी उलटलेल्या, हाताखाली अख्खं टेबल असलेल्या माणसाला आपल्याच अंगणात कान धरून उभं केल्यासारखं वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आईचं बरोबर होतं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. उन्हं कलली तसा परण्या मारुतीपासून निघाला. गाडीला झेंडूच्या माळा, बॉनेटवर नारळ, मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला हणमंत आणि करवली. पुढची खिडकीची जागा रिकामी. मानसिंगनं ढळढळीत उजेडात पुढचे मोठे दिवे लावायला लावले. इज्जतीची गाडी दिवे लावूनच चालते, म्हणाला. बँडवाल्यांच्या कर्ण्याची बॅटरी उतरली होती, म्हणून चन्नवीर मास्तरांनी शास्त्रशुद्ध पद्धतीनं त्याच्या तारा आबासाहेबांच्या बॅटरीला जोडून दिल्या. बँडच्या चालीनं गाडी मुंगीसारखी सरकू लागली. पावलापावलाला ब्रेक, आणि ब्रेकगणिक हॉर्न. लोकांना तो बँडचाच भाग वाटला.

लाल दिवा लागलेला होता. गोजरबाई गाडीमागून बायकांच्या घोळक्यात चालत होत्या, नऊवारी सावरत, चप्पल ओढत. आरशात त्या दिसत होत्या. आबासाहेबांनी आरसा फिरवून ठेवला. ज्या माउलीला बसवायला गाडी आणली ती गाडीमागून पायी चालली आहे, आणि आपण पुढं फेटा बांधून बसलो आहोत, याची त्यांना इतकी शरम वाटली की बँड चुकीचं गाणं वाजवतोय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

चढ लागला. मुंगीच्या चालीनं डायनामो तसाही काही देणार नव्हता, आणि बॅटरीवर मोठे दिवे, कर्णा आणि हॉर्न सगळे तुटून पडले होते. हॉर्नचा आवाज आधी घोगरा झाला, मग दमेकऱ्यासारखा. कर्णा कण्हला. आणि आबासाहेबांच्या डोळ्यांदेखत लाल दिवा पिवळट झाला, मिणमिणला आणि विझला.

"गेला!" आबासाहेब ओरडले. "गेला! आई, दिवा गेला!"

दिवा गेला होता. पाठोपाठ इंजिन गेलं. कर्णा गेला. पुढचे दिवे गेले. बँडवाले थांबले आणि भर रस्त्यात इतकी शांतता पसरली की हणमंताच्या मुंडावळ्यांचे मणीसुद्धा ऐकू आले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "घोडा आसता तर पोचला आसता बे." मुलीकडचा माणूस धावत आला, भटजी घटिका बघतायत म्हणाला. आबासाहेब दोन्ही हातांनी चाक धरून बसून राहिले. घोडा आपणच घालवला, मुहूर्तही आपणच घालवणार, आणि हे सगळं आईसमोर.

घोळका बाजूला सारत गोजरबाई खिडकीशी आल्या. त्यांनी वाकून आत पाहिलं.

"दिवा कुटं गेला?"

"विझला, आई."

"कुनी काढला?"

"कुणी नाही गं. शपथ. आपोआप गेला." आबासाहेबांनी खिसे उलटे करून दाखवले.

"हिरवा?"

"तोही गेला."

"मोटं दिवं? भोंगा?"

"सगळं गेलं. काही राहिलं नाही."

गोजरबाई ताठ उभ्या राहिल्या. "मग असा मड्यावानी बसलाईस कशापायी? शिग्नल फेल हाय! फेल शिग्नलावर गाडी काढायची रीत हाय. वाट दावनारा पायलट म्होरं बसायचा, हिरवी झेंडी दावायची, आन् सावकास काढायची. उगड दार."

आबासाहेबांनी दार उघडलं. गोजरबाई आत बसल्या, पदर सावरला, ओटीतला हिरवा खण काढून त्याची घडी मोडली आणि हात खिडकीबाहेर काढून खण फडकवला. "ढकला रं!"

मानसिंगनं फौजी हुकूम सोडला. मास्तरांनी उपरणं कमरेला बांधलं. नवरदेवाच्या मित्रांनी खांदे लावले. गाडी हलली. बँडला हुरूप आला आणि त्यांनी कर्ण्याशिवाय, नुसत्या छातीच्या जोरावर वाजवायला घेतलं. हॉर्न नाही, खडखड नाही, धूर नाही, आणि खिडकीतून हिरवी झेंडी. पुढचे लोक आपोआप बाजूला होत होते. दुकानाच्या पायरीवरचे दोन म्हातारे बघत राहिले. "विलायती ती विलायतीच," त्यांतला एक म्हणाला. "आवाज बघा कसा नाही."

परण्या मुहूर्ताआधी मांडवात पोचला. मुलीच्या वडिलांनी आबासाहेबांचे हात हातात घेतले आणि धाकटीच्या लग्नालासुद्धा हीच गाडी द्यावी लागेल म्हणाले. "आणि आजीबाईपण," ते पुढं म्हणाले. आबासाहेब फक्त खिडकीकडं बघत होते. आई अजून उतरली नव्हती. ती पदर सावरून बाहेर बघत होती, आणि बाहेर उभ्या असलेल्या बायका तिच्याकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मानसिंग अंगणात आला. "आबासाब, बॅटरी चार्ज करून आणू? एक दिवसाचं काम. दिवा पुन्हा झकास लागेल."

ओसरीवर गोजरबाई गाठोडं बांधत होत्या. त्यांना संध्याकाळच्या गाडीनं जेऊरला आपल्या घरी परत जायचं होतं. हिरवा खण घडी करून त्यांनी सगळ्यांत वर ठेवला होता.

"राहू दे मानसिंग," आबासाहेब हळूच म्हणाले. "गडबड काय आहे? तू असं कर, मास्तरांना सांग आणि दोघंही चारच्या सुमाराला या. आईला स्टेशनवर सोडायचंय."